आमच्या घरात जंतू नाहीत

आमच्या घरात जंतू नाहीत. हे मी म्हणत नाही, सासूबाई म्हणतात, आणि त्यांनी म्हटलं की जंतूंनाही ते मान्य करावं लागतं. फरशी दिवसातून तीनदा पुसली जाते, दाराच्या कड्या रोज, आणि पाहुणा आला की त्याने बाहेर काढलेल्या चपलासुद्धा. पाहुणा तेवढा पुसायचा राहतो. तोही पुन्हा फारसा येत नाही.

नवरा फरशी पुसायचं औषध विकतो. शंभरातले नव्व्याण्णव जंतू मारतं असं बाटलीवर छापलंय. उरलेल्या एकाचं काय, असं मी लग्नानंतर लगेचच विचारलं, तर दोन दिवस फुगून बसला होता. सासरेबुवा हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासणारे अधिकारी, आता निवृत्त. अख्ख्या नोकरीत त्यांनी एकही हॉटेल नापास केलं नाही, आणि त्याचा केवढा अभिमान! युक्ती साधी होती. आदल्या दिवशी फोन करायचा, "उद्या येतोय हं." दुसऱ्या दिवशी भांडी लख्ख, आचाऱ्याच्या डोक्यावर टोपी आणि उंदरांना सुट्टी. "तपासणी म्हणजे माणसाला पकडणं नव्हे, सुधारायची संधी देणं," असं ते अजूनही ऐकवतात. ते जिना उतरले की उंदीर कामावर रुजू व्हायचे, हे मात्र ऐकवत नाहीत.

अशा घराच्या धाकट्या सुनेच्या पोटात जंतू निघाले. पोटातही नाही, त्याच्या बरंच खाली, ज्या जागेचं नाव आमच्याकडे कोणी घेत नाही. ती सून म्हणजे मी.

मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोक शिव्या देतात आणि मी गोड बोलते, त्यामुळे घरी येईपर्यंत गोड बोलण्याचा साठा संपलेला असतो, हे आधीच सांगून टाकते. नववा लागला तशी रजा घेतली आणि तपासायला डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोबत सासूबाई. डॉक्टरीणबाईंनी पडद्यामागे नेऊन कापसाच्या काडीने नमुना घेतला, थोडा पुढून, थोडा मागून. क्षणाचं काम. पुढच्या खेपेला त्यांनी आम्हां दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं की काडीवर जंतू सापडलेत.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "हा आजार नाही. कितीतरी बायकांच्या अंगात हे जंतू असतात. येतात, जातात, बाईला पत्ताही नसतो. पण बाळ बाहेर येताना त्याला लागले, तर एखादं बाळ पहिल्या एकदोन दिवसांतच फार आजारी पडतं. रक्तात जातात, फुप्फुसात जातात, मेंदूपर्यंत जातात. म्हणून आपण आधी बघून ठेवतो. कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं, की इकडेतिकडे न करता मोठ्या दवाखान्यात जायचं आणि सांगायचं, माझी टेस्ट पॉझिटिव्ह आहे. ते शिरेतून औषध लावतील. बाळ व्हायच्या आधी चार तास मिळाले तर उत्तम."

"मग आत्ताच गोळ्या द्या ना," मी म्हटलं.

"आज मारले तर बाळंतपणापर्यंत परत हजर होतील. औषध त्या वेळीच हवं. एवढं पक्कं लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं. सासूबाईंनी दोनच शब्द उचलले, जंतू आणि पॉझिटिव्ह. "आमच्याकडे स्वच्छता भरपूर आहे हो," त्या मानेला झटका देऊन म्हणाल्या.

"स्वच्छतेचा याच्याशी काही संबंध नाही, आजी."

एका वाक्यात दोन अपमान झाले. जंतूंचा वेगळा आणि आजीचा वेगळा. परतताना टॅक्सीत त्या दाराला चिकटून बसल्या, आणि मधे पर्स ठेवली.

संध्याकाळी बैठकीच्या खोलीत माझा खटला उभा राहिला.

"आणलेस कुठून?" सासूबाईंनी विचारलं. "ऑफिसातूनच आणले असणार. तिथे काय, कोणीही येतं."

"नोटांवर फार जंतू असतात, आई," नवरा म्हणाला. धंद्यातला माणूस.

"तक्रार खिडकीवर नोटा घेत नाहीत," मी म्हटलं. "आणि घेतल्या तरी मी त्यांच्यावर बसत नाही."

सासरेबुवांनी चष्मा लावून रिपोर्ट दोनदा वाचला. "नमुना घेण्याआधी पूर्वसूचना दिली होती?"

"कोणाला, बाबा?"

"तुला. तयारीला वेळ?"

"नाही. म्हणाल्या झोपा, मी झोपले."

"मग बरोबर आहे!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "असं अचानक तपासलं तर राजवाड्याचं स्वयंपाकघरही नापास होईल. ही काय पद्धत झाली?" असं म्हणून त्यांनी तो कागद उभा फाडला, मग आडवा फाडला. "चुकीचा अहवाल घरात ठेवू नये. फेरतपासणी करू. नीट, तयारीनिशी."

मी म्हटलं, अहो बाबा, ही परीक्षा नाहीये. हे कळावं म्हणूनच तपासतात, म्हणजे बाळाला औषध वेळेवर मिळतं. पण पालथ्या घड्यावर पाणी. सासूबाई तोवर दाखले द्यायला लागल्या होत्या. "थोरलीचं बघ. एका फटक्यात स्वच्छ आली होती. आमच्या घरात असलं कधी नव्हतंच."

थोरली म्हणजे माझ्या जाऊबाई. मी त्यांना ताई म्हणते. दीर बाहेरगावी नोकरीला, ताई आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी आमच्यासोबत. ही मुलगी फार कमी बोलते, हाक मारली तर कधी वळते, कधी वळत नाही, म्हणून घरात तिचं नाव पडलंय रुसूबाई. "रुसली बघा आमची बाई!" म्हणायचं आणि सगळ्यांनी हसायचं. ताई कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. सासूबाईंचं कौतुक ऐकून त्यांचे हात थांबले. मग त्या उठल्या, मुलीला हाक न मारता तिच्या खांद्याला हात लावला आणि तिला घेऊन आत गेल्या.

फेरतपासणीची तयारी म्हणजे काय विचारता! सासूबाईंच्या भाच्याचं औषधांचं दुकान आहे, म्हणजे घरचाच धन्वंतरी. त्याने पुडीतून गोळ्या दिल्या. कसल्या, ते विचारलं तर म्हणाला, "स्ट्राँग आहेत, वहिनी." आणि तपासणीच्या सकाळी टब. कोमट पाणी आणि त्यात नवऱ्याचं औषध, त्यानेच प्रेमाने नवी बाटली फोडून दिलेली. डोळ्यांत अभिमान मावेना. घरच्या मालाला घरचं गिऱ्हाईक मिळालं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढं तोंड चालतं तुझं, मग ऐकलंस कशाला? ऐकलं खरं. पाय सुजलेले, भांडायला श्वास पुरेना, आणि रोज जेवताना तीन तोंडं माझ्याकडे अशी बघायची, की जणू मी पाण्याच्या माठात हात घातलाय. शिवाय आतल्या आत मलाही पास व्हायचं होतं. जन्मात कधी नापास झाले नव्हते, आणि आता व्हायचं ते बसायच्या जागेत?

टब ताईंनी भरला. "तुला माहीत आहे ना किती टाकायचं," असं सासूबाईंनी त्यांना बाहेरूनच सांगितलं. मी बसले आणि ब्रह्मांड आठवलं. असं झोंबलं की आईला हाक मारली, माझ्या आईला. ताई माझ्याकडे पाठ करून दाराशी उभ्या होत्या.

"थोडा वेळच झोंबतं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी टॉवेल पुढे केला, तेवढंच.

बाजारातल्या एका लॅबमध्ये सासरेबुवांनी आधी फोन करून वेळ ठरवली होती, "उद्या येतोय हं." काउंटरवरच्या माणसाने मला काडी दिली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. पोटाचा एवढा डोंगर पुढे घेऊन पलीकडचं काय दिसणार? जमेल तिथे लावली आणि परत दिली. रिपोर्ट आला. निगेटिव्ह.

घरात लग्न ठरल्यासारखा आनंद झाला. सासूबाईंनी गोडाचं केलं आणि टॅक्सीपासून पहिल्यांदा माझ्या शेजारी बसल्या. सासरेबुवांनी रिपोर्ट लॅमिनेट करून आणला. नवरा तो कंपनीच्या ग्रुपवर टाकणार होता. मोबाईल खिडकीतून फेकीन म्हटलं, तेव्हा थांबला.

"अरे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मारले तरी परत येतात," मी त्याला एकटा गाठून सांगितलं.

"आत्ता नाहीत ना? मग झालं तर."

"तुझ्याच बाटलीवर लिहिलंय. एक उरतो."

"तू ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस," तो म्हणाला आणि पोचा तपासायला गेला.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला तर दवाखाना बंद, त्या परगावी गेलेल्या. मला धास्ती बसली. दिवसभर घरात पुसापुशी चालायची, आणि मी पोटावर हात ठेवून बसायचे. बाळाने लाथ मारली की त्याला म्हणायचे, पास झाली रे तुझी आई, पण कॉपी करून. ती लाथ मारणारी एवढीशी टाच, तिला यातलं काय कळणार होतं? कॉपी मी केली होती आणि निकाल तिला लागणार होता.

दुपारची जेवणं झाली, फरशीचा दुसरा हात नुकताच फिरला होता, आणि माझं पाणी गेलं. सगळं त्या फरशीवर.

"अगं बाई! आत्ताच पुसली होती!" सासूबाई ओरडल्या. सून बाळंतीण होणार याचा उच्चार त्यानंतर झाला.

"चला," मी म्हटलं. "लगेच निघायचं."

"अशी? अशी निघणार? आधी अंगावर पाणी घे, धुतलेली साडी नेस. दवाखान्यात लोक काय म्हणतील!" आणि बादली आणायला गेल्या. सासरेबुवा कपाटात लॅमिनेट शोधत होते, ते तीन चाव्यांच्या आतल्या खणात ठेवलेलं. नवरा टॅक्सी बघायला खाली गेला आणि चप्पल कुठली घालू म्हणून परत वर आला. मी ओल्या कपड्यांनी मधोमध उभी, पहिली कळ आलेली, आणि डोक्यात एकच, चार तास, चार तास.

तेव्हा मी जी काही किंचाळले ती वीज कंपनीत ऐकू गेली असेल. त्यात काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही, सासूबाई त्यातले दोन शब्द अजून विसरल्या नाहीत. ताई मात्र पायात चपला घालून, माझी पिशवी खांद्याला अडकवून दारात तयार होत्या. रुसूबाईला शेजारी सोडूनही आल्या होत्या.

मोठ्या दवाखान्यात ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी, थकलेल्या, शांत बाईंनी, मला पलंगावर घेतलं आणि विचारायला सुरुवात केली. महिना, ताप, पाणी कधी गेलं, कसलं औषध सोसत नाही असं आहे का. "आणि जंतूंची टेस्ट? काडीची?"

"निगेटिव्ह!" तिघांनी एका सुरात सांगितलं. सासरेबुवांनी लॅमिनेट असं पुढे केलं, की जणू ते स्वतःच तपासणीला आलेत.

"पॉझिटिव्ह," मी पलंगावरून म्हटलं. "पहिली पॉझिटिव्ह होती. औषध लावा."

"कळांमध्ये बायका काहीही बरळतात," सासरेबुवा हसत म्हणाले. "रिपोर्ट हातात आहे, डॉक्टर."

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. "हा तर अलीकडचाच आहे. पहिला रिपोर्ट कुठे आहे?"

"पहिला नव्हताच असा काही," सासूबाई म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, दवाखान्यात पहिल्यांदा बघितल्या.

"मिस्टर, तुम्ही सांगा," डॉक्टर नवऱ्याकडे वळल्या.

नवऱ्याने वडिलांकडे बघितलं, मग आईकडे, मग छताकडे. "म्हणजे तसं... बाबांनाच जास्त माहीत आहे," तो म्हणाला. एवढ्यात दुसरी कळ आली नसती तर मी उठून त्याच्या कानाखाली आवाज काढला असता.

"पहिली पॉझिटिव्ह होती."

हे ताई बोलल्या. पिशवी अजून खांद्याला तशीच. ताईंचा आवाज मला त्या घरात कधी नीट ऐकू आला नव्हता. तो इतका ठाम असतो हे मला माहीत नव्हतं.

"मी तिथेच भाजी निवडत होते. रिपोर्ट यांनी फाडला. मग हिला गोळ्या खाऊ घातल्या आणि टबात बसवलं. टब मी भरला. दुसरा नमुना त्याच दिवशी दिला."

"टबात काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

इथे नवऱ्याला अखेर आपल्या विषयातला प्रश्न आला. "आमचंच प्रॉडक्ट आहे, मॅडम. शंभरातले नव्व्याण्णव..."

"कशाचं प्रॉडक्ट?"

"फरशीचं," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडून निघालेला तो शब्द त्याने स्वतःच पहिल्यांदा ऐकला असावा. त्याचे कान लाल झाले.

"थोरले!" सासूबाई दात खाऊन म्हणाल्या. "झाकली मूठ असते घराची. चारचौघांत..."

"मलाही बसवलं होतं, डॉक्टर," ताई म्हणाल्या. त्या सासूबाईंकडे वळल्याही नाहीत. "माझ्या वेळी तर पहिल्या काडीच्या आधीच. माझी स्वच्छ आली. मला औषध लावलं नाही, लावायचं कारणच नव्हतं. माझी मुलगी दुसऱ्या दिवशी दूध ओढेना. अंग निळं पडलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हेच जंतू, मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेत. वाचली ती. पण एका कानाने तिला काहीच ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने मोठा आवाज अगदी जवळ झाला तरच. मशीन लावायला सांगितलंय. यांनी लावू दिलं नाही, लोक विचारतील म्हणून. आणि हे सगळे तिला रुसूबाई म्हणतात."

मीही म्हणत होते हो. दोन वर्षं मीही त्या पोरीला रुसूबाई म्हणून हसत होते. कळ आली होती का नव्हती आठवत नाही, पण मी तोंडावर हात ठेवला.

"तो एक योगायोग..." सासरेबुवांनी सुरुवात केली.

"तुम्ही तिघं बाहेर बसा," डॉक्टर म्हणाल्या. "सिस्टर, ड्रिप. लगेच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एकदा पॉझिटिव्ह आली म्हणजे आमच्यासाठी पॉझिटिव्हच. मधल्या उपद्व्यापांनी काही बदलत नाही. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत." ताईंना त्यांनी बाहेर पाठवलं नाही.

सुई टोचली, थेंब सुरू झाले, आणि मग एक वेगळाच तमाशा. जगातल्या सगळ्या बायका म्हणतात देवा, लवकर सुटका कर. मी म्हणत होते, सावकाश ये रे बाळा, सावकाश. कळ आली की कळवळायचे आणि गेली की घड्याळ बघायचे. बाहेरून सासूबाईंचे निरोप येत होते, जोर लाव म्हणावं, आमच्याकडे बायका झटपट मोकळ्या होतात. सिस्टर ते निरोप आत आणायच्या आणि दारातच हसायच्या. ताई माझा हात धरून होत्या. त्या हातालाच मी चिमटे काढले, ओरबाडलं, त्यांनी हूं की चूं केलं नाही.

"झाले का, ताई?"

"अजून थोडं. थांब."

"बाळाला सांगा ना थांबायला."

"ऐकतंय ते," ताई म्हणाल्या, आणि मग त्यांनी तोंड फिरवलं.

चार तास होऊन वर थोडे झाले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, आता अडवू नका. मुलगी झाली. असली टाहो फोडणारी की सिस्टर म्हणाल्या, ही पण तक्रार खिडकीवर बसणार. दोन दिवस दवाखान्यातले लोक तिला डोळ्यांत तेल घालून बघत होते, श्वास, ताप, दूध. दोन दिवस मी झोपले नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, घरी न्या, छान आहे.

घरी आलो आणि दवाखान्यात काही घडलंच नाही असं ठरलं. कोणी ठरवलं ते विचारू नका, आमच्याकडे असले ठराव आपोआप मंजूर होतात. ताई जे बोलल्या त्यावर एक अक्षर नाही. लॅमिनेट मात्र परत खणात, चाव्यांच्या आत. ताईंनी कोणाला न विचारता कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, मशीनसाठी. त्यावरही एक अक्षर नाही. नवरा चोरासारखा वावरत होता, चहा करून आणत होता, बाळाचे कपडे साध्या साबणाने धूत होता. कधी नाही ते एवढं करतोय म्हणून मी अजून तोंड सोडलेलं नाही. सोडणार आहे.

शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या. त्यांच्या चपला पुसून झाल्या. बाळ पाळण्यात जागं होतं, आणि पाळण्याखाली ताईंची लेक आपल्या बाहुल्या मांडून खेळत होती, स्वयंपाकघराकडे पाठ करून.

"आम्ही ऐकलं दवाखान्यात काहीतरी गडबड झाली म्हणे?" काकूंनी आवाज खाली आणून विचारलं.

"कसली गडबड!" सासूबाई म्हणाल्या. "काही झालं नाही हो. डॉक्टर लोक घाबरवतात. उगाच सुनेला तासन् तास सुई लावून ठेवली. बघा ना, बाळ कसं ठणठणीत! झालं का काही? काही झालं नाही."

"निगेटिव्ह ती निगेटिव्हच," सासरेबुवांनी पुस्ती जोडली. "जंतू असते तर बाळाला काही झालं नसतं का? साधं तर्कशास्त्र आहे. आमच्या घरात जंतू नाहीत."

माझं रक्त असं उसळलं! आग लागू नये म्हणून कोणी रात्रंदिवस राबावं, आणि मग यांनी म्हणावं, आग तर लागलीच नाही, राबलात कशाला? मी तोंड उघडणार होते. खिडकीवरचं नव्हे, घरचं तोंड.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एका हातात मोठी परात, दुसऱ्या हातात पळी. पूर्ण ताकदीने हाणली होती. काकू खुर्चीत उडाल्या. पाळण्यात माझी लेक दोन्ही हात पसरून दचकली, क्षणभर तिचा श्वास अडकला आणि मग तिने असं भोकाड पसरलं की काच हलावी.

"वेड लागलंय का गं?" सासूबाई ओरडल्या. "एवढंसं बाळ ते, दचकलं ना!"

"दचकलं," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून वाहत होते, आणि त्या हसतही होत्या. "दचकलं. ऐकलं तिने."

मग कोणीतरी आधी पाळण्याखाली बघितलं, आणि मग सगळ्यांनीच बघितलं. ताईंची लेक एका बाहुलीला दुसरीच्या शेजारी झोपवत होती. बाहुलीच्या अंगावर रुमाल घातला, तो नीट केला, थोपटलं. तिने मान वर केली नव्हती.

काकूंनी तोंडाला पदर लावला. सासरेबुवा चष्मा पुसायला लागले. सासूबाईंचं तोंड उघडं होतं आणि त्यातून, मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, काही बाहेर येत नव्हतं. माझी लेक रडतच होती. मी तिला उचललं, छातीशी धरलं, आणि म्हटलं,

"ताई, अजून एकदा वाजवा. आईबाबांना नीट ऐकू आलं नसेल."